मोजक्या नगांची घडाई
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस व्याख्यानासाठी पाचारण केले, तेव्हा मंडळाची अपेक्षा अशी होती की, जन्मभर शाळेत खडू झिजविलेल्या माणसाने 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर चार शब्द बोलावे. परंतु तो विषय या व्यासपीठावरून इतक्या वेळा मांडला गेला आहे की, त्यात आमच्याकडून नवी भर पडण्याचा संभव नाही. म्हणून मंडळाच्या अनुमतीने आम्ही निराळाच विषय निवडला. तो विषय म्हणजे बोल्ट. त्यातही बाजारात किलोवर मिळतो तो बोल्ट नव्हे, तर एखाद्या यंत्राकरिता किंवा एखाद्या दाराकरिता मापाबरहुकूम घडवून द्यावयाचे चार, बारा, चाळीस किंवा साठ बोल्ट. विषय ऐकून चिटणीस किंचित हसले. त्यांचे हसणे आम्ही मनावर घेतले नाही. या मंडपात बसलेल्या कितीतरी घरांची चूल आजही लोखंडावरच पेटते, हे त्यांसही ठाऊक आहे.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार किती, हे प्रथम सांगितले पाहिजे. आम्ही मॅट्रिक, त्यापुढे अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे, आणि मग सारी हयात प्राथमिक शाळेत. वडील गावचे लोहार होते. थोरले बंधू कोल्हापुरास उद्यमनगरात येऊन लेथवर लागले व पुढे स्वतःचा लहानसा कारखाना थाटून बसले. आता तो कारखाना पुतण्या चालवितो. सेवानिवृत्तीनंतर आम्ही तेथे सकाळचे तीन तास बसतो आणि वही लिहितो. लेथला आम्ही हात लावीत नाही. लावू देतही नाहीत. तेव्हा आमचे ज्ञान वहीपुरते आहे. परंतु ती वही कशी सुरू झाली, हेच आज सांगावयाचे आहे.

आमच्या लहानपणी गावात बोल्ट विकत आणण्याची वस्तू नव्हती. खिळासुद्धा नव्हे. सुतार दार करी आणि फळीची जाडी बोटांनी दाखवी. त्या जाडीला पुरून टोक मागच्या बाजूस वळविता येईल एवढ्या लांबीचे खिळे वडील घडवीत. लांबी कमी पडली तर टोक वळत नाही, आणि जास्त झाली तर वळविलेले टोक वर येऊन हाताला लागते. म्हणजे प्रत्येक दाराचा खिळा निराळा. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीच्या धडकेला अडविणारे जे अणकुचीदार खिळे आपण पाहतो, तेही कोणी पेठेतून वजनावर आणलेले नसणार. त्या दाराच्या फळीसाठी, त्या हेतूसाठी, कोणा भट्टीवर ते घडले असतील. ज्यास आज कारखानदार मंडळी 'स्पेशल जॉब' म्हणून मोठ्या ऐटीने संबोधितात, ते काम आपल्या वाडवडिलांचे रोजचेच होते. नेहमीचे, ठराविक मापाचे असे काम त्यांस ठाऊकच नव्हते.

बोल्ट करण्याची वडिलांची रीत साधी होती. सळईचा तुकडा तोडावयाचा, एका टोकाला लाल ताव द्यावयाचा, भोक पाडलेल्या जाड पोलादी ठोकळ्यात तो उभा सोडावयाचा आणि वर राहिलेला भाग ठोकून पसरावयाचा. मग त्यास ऐरणीवर चार बाजू पाडावयाच्या. गावचे बोल्ट चौकोनी डोक्याचेच असत. आटे पाडण्यासाठी तीन सूत, चार सूत आणि पाच सूत अशा तीनच डाय घरात होत्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मुलांसाठी सांगतो. भाता आमची आई ओढी आणि नांगराचा फाळ मोठा असला म्हणजे घणही तीच मारी. ज्ञातीच्या इतिहासावरचे लेख आम्ही या स्मरणिकेत वर्षानुवर्षे वाचीत आलो. त्यांत भाता आहे, ऐरण आहे, घण आहे, परंतु तो उचलणारी बाई कोठे दिसत नाही. असो.

पुढे बाजार भरला. मोठ्या कारखान्यांत तारेचे वेटोळे यंत्राच्या एका तोंडातून आत जाते. लोखंड न तापविता थंडच दाबून त्याचे डोके बसते, मग दोन साच्यांमध्ये लाटून त्यावर आटे उमटतात, आणि मिनिटास शंभराहून अधिक नग बाहेर पडतात. अशा बोल्टाशी भावात झुंजणे म्हणजे आगगाडीपुढे धावणे होय. तेव्हा आपल्यांतील पुष्कळांनी भट्ट्या विझविल्या, आणि 'आता लोहाराचे काम उरले नाही' असे वाक्य घरोघर रूढ झाले. आमच्या घरातही ते रूढ होते. आम्ही शिक्षक झालो, त्याचे एक कारण ते वाक्यच होते.

परंतु या मोठ्या यंत्राची एक अडचण आहे, ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्याचे साचे बदलून ते नव्या मापाला जुळवून घ्यावयास जो वेळ व पैसा लागतो, तो चाळीस नगांस आणि चाळीस हजार नगांस सारखाच. म्हणून चाळीस नग मागणाऱ्यास त्या दारात कोणी उभे करीत नाही. आणि चाळीस नग मागणारे लोक किती निघतात, हे वही लिहू लागेपर्यंत आम्हांसही कळले नव्हते. जुन्या ऑइल इंजिनाचा मालक येतो. त्याचे इंजिन उत्तम चालते, पण हेडचे बोल्ट इंची मापाचे असून ते बाजारातून नाहीसे झालेले. वाडा दुरुस्त करणारे वास्तुतज्ज्ञ येतात. त्यांस घुमटी डोक्याचे खिळे जुन्या वळणाचेच हवे असतात. कोणाला डाव्या आट्याचा बोल्ट हवा, कोणाला डोक्याची जाडी निम्मीच हवी, कारण वरून दुसरा भाग घासून फिरतो.

आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळवाले येतात. हे गिऱ्हाईक आम्हांस सर्वांत प्रिय आणि सर्वांत त्रासाचे. उसाच्या घाण्याचा बोल्ट तुटतो तो बहुधा रात्रीच. तोडलेला ऊस वाळत पडतो, काढलेला रस काही तासांतच आंबू लागतो, आणि तशा रसाचा गूळ काहिलीत कितीही आटविला तरी नीट बसत नाही. गुळव्या हात जोडून उभा राहतो, पण रस थांबत नाही. एका पहाटे एक शेतकरी तुटलेला बोल्ट उपरण्यात बांधून आमच्या दाराशी येऊन बसले होते. पुतण्याने कुलूप काढले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, चार करून द्या, पैशाचं नंतर बोलू." चार बोल्टांस दुपारचे बारा वाजले. त्या चार बोल्टांची किंमत वजनावर कशी लावावयाची?

येथे आपल्या लोकांचा एक दोष सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण नग तराजूत टाकतो, लोखंडाचा भाव पाहतो, त्यावर थोडी मजुरी चढवितो आणि आकडा सांगून मोकळे होतो. माप घेण्यात गेलेला तास, साचा करण्यात गेलेला अर्धा दिवस आणि पहिला नग फुकट गेला तो, हे सर्व आपण आपल्याच पदरात घालून घेतो. गिऱ्हाईक "एवढ्याशा बोल्टाचे एवढे पैसे?" असे म्हणाले की आपण ओशाळतो. बलुत्याच्या काळी नगावर भाव नव्हता. वर्षाच्या धान्यात सारे येई, आणि म्हणून हिशेबाची सवय आपल्या हाताला लागलीच नाही. पुतण्या आता जुळवणीचा खर्च निराळा लिहून दाखवितो. काही गिऱ्हाइके परत जातात. जी राहतात ती टिकतात.

आता आट्यांविषयी. हा भाग थोडा रुक्ष आहे, परंतु त्यात आमचीच एक चूक दडलेली असल्याने तो टाळून चालणार नाही.

पूर्वी इंग्लंडातही प्रत्येक कारखान्याचा आटा आपापला असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, ते मोजले, त्यांचा मध्य काढला, आणि १८४१ साली एक पद्धत सुचविली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीस इंचात किती आटे हे ठरलेले. पुढे १८६४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांची दुसरी पद्धत मांडली. आपल्याकडे इंग्रजी यंत्रे आली ती व्हिटवर्थचे आटे घेऊन. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि टप्प्याटप्प्याने मिलिमीटर रूढ झाले. कायद्याने वजने बदलता येतात. परंतु बिडात पाडलेले भोक कायदा वाचीत नाही. जुनी यंत्रे जिवंत आहेत तोवर जुने आटेही जिवंत आहेत.

गंमत अशी की, व्हिटवर्थ आणि सेलर्स यांच्या पद्धतींत बहुतेक नेहमीच्या जाड्यांना इंचातील आट्यांची संख्या सारखीच आहे. तीन सुतास दोहोंकडे १६, पाच सुतास दोहोंकडे ११, सहा सुतास दोहोंकडे १०. फक्त चार सुताला, म्हणजे अर्ध्या इंचाला, घात होतो. व्हिटवर्थचे १२ आणि अमेरिकन १३.

पाच वर्षांपूर्वी एक गृहस्थ जुन्या भंगारातून घेतलेल्या ड्रिलिंग यंत्राकरिता बारा बोल्ट करून घ्यावयास आले. यंत्रावर कर्त्याची पाटी नव्हती. नमुना म्हणून आणलेल्या बोल्टाचे आटे झिजून गुळगुळीत झालेले. आम्ही जाडी मोजली; अर्धा इंच भरली. अर्धा इंच म्हणजे बारा आटे, हे वडिलांच्या डायपासून आमच्या डोक्यात पक्के बसलेले. आम्ही पिच गेज लावला नाही, यंत्राचे भोक पाहिले नाही, आणि वहीत '१२' लिहून मोकळे झालो. पुतण्याने आमच्या अक्षरावर विश्वास ठेवला. यंत्र अमेरिकन होते. बोल्ट तीन-चार फेरे सहज गेला, कारण एका आट्यामागे फरक मिलिमीटरच्या सहाव्या भागाइतकाच. पुढे तो फरक साठत जातो आणि बोल्ट अडतो. तेथील पोऱ्याने पान्याला नळी जोडून जोर केला. बिडाच्या भोकातले आटे निघून भुकटी झाली. ते भोक मोठे करून, त्यात बुश बसवून, नवे आटे पाडून द्यावयास आमचे दोन दिवस गेले आणि त्या गृहस्थांचा हंगाम गेला. त्यांनी आमच्या वयाकडे पाहून शब्द उच्चारला नाही. आम्ही चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांत लाल शाईने चुका काढल्या होत्या. त्या दिवशी आमच्या वहीत पुतण्याने लाल शाईने '१३' लिहिले, आणि तो आकडा अद्याप तेथे आहे. त्या दिवसापासून नुसता बोल्ट पाहून माप लिहावयाचे नाही असा नियम केला. ज्यात तो बसावयाचा ते भोक किंवा तो नट हाती आल्याखेरीज काम सुरू होत नाही.

डोके घडविण्याचा हिशेब मात्र आमच्या आवडीचा. २० मिलिमीटर जाडीच्या बोल्टास षट्कोनी डोके हवे. समोरासमोरच्या बाजूंतील अंतर ३० मिलिमीटर, उंची साडेबारा. सळई किती जादा ठेवावी? षट्कोनाचे क्षेत्रफळ ३० च्या वर्गास ०.८६६ ने गुणून येते, म्हणजे सुमारे ७७९. त्यास १२.५ ने गुणले की घनफळ ९,७४० च्या आसपास. सळईचे छेदक्षेत्र ३१४. भागाकार केला की उत्तर ३१ मिलिमीटर. तापल्यावर पापुद्रा गळून जातो म्हणून थोडी अधिक ठेवावयाची. वडिलांस हे सूत्र ठाऊक नव्हते. ते सळईवर अंगठा ठेवून खूण करीत, आणि आम्ही मागाहून ताडून पाहिले तर अंगठा बहुधा बरोबर निघे. आम्ही सातवीच्या मुलांस घनफळ शिकविले ते नेहमी पाण्याच्या हौदावर. हे उदाहरण तेव्हा सुचले असते तर लोहाराची चार मुले तरी गणितात रमली असती.

पुष्कळ जण असे विचारतात की, षट्कोनी सळई आणून लेथवर कातून घेतली तर भट्टीची कटकट कशाला? साध्या कामास तसे करण्यास हरकत नाही, आणि पुतण्याही करतो. परंतु लोखंडाला लाकडासारखे तंतू असतात. ठोकून डोके बसविले तर ते तंतू वळून डोक्यात जातात; कातून काढले तर डोक्यापाशी ते तुटतात. आटेही लाटून उमटविले तर तंतू वाकतात, कापून काढले तर छेदले जातात. बोल्ट मोडतो तो बहुधा दोनच जागी. एक डोक्याखालच्या कोपऱ्यात, दुसरी नटात शिरणाऱ्या पहिल्या आट्यापाशी. म्हणून डोक्याखालचा कोपरा काटकोनी न ठेवता गोलाई देऊन सोडतात. ही गोलाई दिसते नखाएवढी, पण नवशिका कारागीर हटकून विसरतो ती हीच.

आता ज्या प्रसंगामुळे हे व्याख्यान द्यावेसे वाटले, त्याकडे वळतो.

चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे असतात. पहिला आकडा तो किती ओढीला तुटेल हे सांगतो, दुसरा त्या ओढीच्या कितव्या भागाला तो कायमचा लांबेल हे सांगतो. ८.८ चा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८१ किलोची ओढ सोसतो. वडिलांच्या मऊ लोखंडाचा त्याच्या निम्मीच. घट्ट आवळलेला बोल्ट म्हणजे ताणून धरलेली स्प्रिंगच होय. १६ मिलिमीटरचा १२.९ चा बोल्ट तुटावयास सुमारे १९ टनांची ओढ लागते, आणि तो पुरता आवळला म्हणजे त्यातील पुष्कळशी ओढ त्याच्या पोटात रात्रंदिवस भरून असते.

तीन वर्षांपूर्वी असे साठ बोल्ट करण्याचे काम आले. १६ मिलिमीटर जाडी, लांबी नेहमीपेक्षा निराळी, डोक्याखाली कॉलर. प्रेसवर साचे आवळण्यासाठी ते हवे होते. मिश्र पोलाद आणले, डोकी घडविली, आटे पाडले, पाणी देऊन मग बेताचा ताव देऊन कडकपणा आणला; सर्व रीतसर झाले. गिऱ्हाइकाची एक इच्छा होती की, बोल्ट गंजू नयेत आणि चकचकीत दिसावेत. म्हणून ते झिंकचा मुलामा देण्यासाठी बाहेर पाठविले. संध्याकाळी ते रुपयासारखे चमकत परत आले. दुसऱ्या दिवशी ते बसविले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कारखान्याचे दार उघडले, तेव्हा चार बोल्टांची डोकी जमिनीवर पडली होती. रात्रभर यंत्र बंद होते. कोणी हात लावला नव्हता. एक डोके उडून समोरच्या भिंतीवर आदळले होते आणि गिलाव्याचा कपचा निघाला होता. त्या भिंतीपाशी दिवसा एक मुलगा स्टुलावर बसून नग मोजीत असे. तो दिवस नव्हता, रात्र होती, एवढेच.

गिऱ्हाईक अतिशय संतापले आणि त्यांचा संताप रास्त होता. त्यांस वाटले, आम्ही हलके पोलाद वापरून खोटे आकडे ठोकले. थोरल्या बंधूंस वाटले, पोराने ताव चुकविला. पुतण्या काही बोलला नाही. तुटलेले चार तुकडे कागदात गुंडाळून तो एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील धातुशास्त्राच्या अध्यापकांकडे घेऊन गेला. त्यांनी तुटका पृष्ठभाग भिंगाखाली धरला. खडीसाखरेचा खडा फोडल्यावर दिसावा तसा तो कणीदार दिसत होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मुलाम्यानंतर भाजले होते का?"

भाजणे म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते. अध्यापकांनी समजावून दिले ते थोडक्यात असे. मुलाम्यापूर्वी बोल्ट आम्लात धुतात आणि मग विजेच्या साहाय्याने झिंक चढवितात. दोन्ही वेळी पोलादाच्या अंगावर हायड्रोजन वायू सुटतो, आणि त्याचे काही अणू पोलादात शिरतात. मऊ लोखंडास त्याची बाधा नाही. परंतु पोलाद अतिकडक असेल आणि त्यावर सतत ओढ असेल, तर ते अणू ओढीच्या जागी जमतात आणि आतून भेग पाडतात. काही तासांनी किंवा काही दिवसांनी बोल्ट आपोआप मोडतो. यावर उपाय असा की, मुलामा चढविल्यापासून चार तासांच्या आत ते नग सुमारे २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवून तासन्‌तास भाजावे, म्हणजे तो वायू निघून जातो. भेग एकदा पडल्यावर मात्र भाजून उपयोग नाही. वडिलांच्या हातचा एकही बोल्ट असा मोडला नाही. कारण तो इतका कडक नव्हताच. कडकपणाबरोबर हे नवे दुखणे घरात आले आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता.

दोष मुलामा देणाऱ्याचा, असे थोरले बंधू म्हणू लागले. "आपण लोहार. लोखंड तापवावं, ठोकावं. ते चकाकीचं काम घेतलंच कशाला?" असेही म्हणाले. तेव्हा पुतण्याने फाइलमधून चिठ्ठीची प्रत काढली आणि आमच्यापुढे ठेवली. "काका, मी काय लिहून दिलं होतं ते तुम्हीच मोठ्यानं वाचा."

आम्ही वाचले. चिठ्ठीवर एवढेच होते: 'बोल्ट, ६० नग, झिंक.'

बोल्ट किती कडक आहेत, ते कशासाठी आहेत, भाजावयाचे की नाही, यांपैकी एक अक्षरही नव्हते. मुलामा देणाऱ्याने रोजच्या मऊ बोल्टांप्रमाणेच ते बुडवून काढले. त्याने विचारावयास हवे होते, हे खरे. आम्ही सांगावयास हवे होते, हे त्याहून खरे. पुतण्या त्याच दिवशी जाऊन उरलेले छप्पन्न बोल्ट सोडवून घेऊन आला. न मोडलेलेही त्याने एकाच्याही हाती राहू दिले नाहीत. करवतीने कापून भंगारात टाकले. साठ नग पुन्हा केले, विनामूल्य. या खेपेस मुलामा न देता काळे करून तेल लावून दिले. त्या महिन्यात आणि त्यापुढच्या महिन्यात बँकेचा हप्ता आमच्या निवृत्तिवेतनातून गेला. आमच्या मंडळींनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही, हे या ठिकाणी नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडे येते; मात्र दर खेपेस चिठ्ठीची प्रत मागून घेते.

वही सुरू झाली ती तेव्हापासून. त्यापूर्वी होती ती केवळ मापांची टिपणे. आता प्रत्येक कामास एक पान. कोणत्या यंत्राचा, कोठे बसतो, काय भार सोसतो, त्यापाशी माणूस उभा राहतो काय, पोलाद कोणते व कोणत्या सळईतून कापले, किती कडक, आटे कसे मोजले व कोणी मोजले, बाहेर कोणाकडे काय लिहून पाठविले. शेवटी दोन सह्या. प्रारंभी कारागीर हसत. "गुरुजींनी हजेरीपट काढला," म्हणत. गिऱ्हाइकेही कंटाळतात. चार बोल्टांसाठी एवढी चौकशी कशाला, असे विचारणाऱ्यास आम्ही तुटलेले डोके दाखवितो.

आता एक मागणी. कडकपणा मोजावयाचे रॉकवेलचे यंत्र असते. त्यात हिऱ्याचे टोक ठराविक भाराने पोलादात रुतवितात आणि ते किती रुतले त्यावरून आकडा कळतो. सांप्रत आमच्या ओळखीचे कारखानदार कानशीचा ओरखडा ओढून अंदाज करतात, किंवा दोन नग बाहेर पाठवून दिवस घालवितात. एकेका लहान कारखान्यास हे यंत्र घेणे जड जाते. ज्ञातीच्या निधीतून दरवर्षी सत्कारासाठी शाली आणि स्मृतिचिन्हे येतात. आमच्याही घरी तीन स्मृतिचिन्हे आहेत; ती पुसावयाचे काम सुनेकडे आहे. दोन-तीन वर्षे सत्कार साधेपणाने करून त्या पैशांत असे एक यंत्र आणि पिच गेजांचे दोन संच घ्यावे, ते एखाद्या मध्यवर्ती कारखान्यात ठेवावे, आणि ज्ञातीतील असो वा नसो, जो कारागीर नग घेऊन येईल त्यास अल्प शुल्कात मोजून द्यावे, अशी सूचना आम्ही गेल्या वर्षी लेखी दिली होती. ती 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवली गेली. ही पुढील सभा आहे.

यावर 'हे धंद्याचे झाले. मुलांच्या शिक्षणाचे काय?' असे कोणी विचारील. आमचा नातू यंदा यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास आहे. हायड्रोजनचा हा प्रकार त्याच्या पुस्तकात दीड ओळीत आला होता आणि तो त्याने परीक्षेपुरता पाठ केला होता. सुटीत त्याने वहीतील ते पान वाचले आणि आम्हांस विचारले, "आजोबा, तो भिंतीजवळचा मुलगा कोण होता?" आम्ही नाव सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी आमच्याबरोबर येऊ लागला. पुढे तो नोकरीस जाईल की भट्टीवर राहील, हे त्याने ठरवावयाचे आहे; आम्ही त्यास काही विचारलेले नाही.

वही आम्ही आज बरोबर आणली आहे. मंडपाच्या दाराशी, जेवणाची कुपने देतात त्या टेबलावर ती ठेविली आहे, आणि तिच्याशेजारी कागदात गुंडाळलेले एक तुटके डोकेही आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी जेवणापूर्वी पाहावे. हात स्वच्छ असावेत; पाने पुसट होतात.